सोसायटीच्या नवीन डोमेनवरचे (@ नंतरच्या नव्या नावावरचे) मेल परत का येतात?

बी-४०२: सचिवसाहेब, बिलावरची हरकत नवीन डोमेनच्या सचिव@ वर पाठवली, लगेच परत आली. जुन्या पत्त्यावर तीच मेल जाते. रविवारी सभेत 'हरकत मिळालीच नाही' हे ऐकून घेणार नाही.

सचिव: ताई, अलियास (मेल दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारं नाव) टाकलेला आहे. स्पेलिंग तपासा.

बी-४०२: तपासलं. ५५० (मेल कायमची नाकारल्याचा कोड) आणि 'यूजर अननोन इन व्हर्च्युअल अलियास टेबल' असं आलंय.

सी-३०३: मग कारण तिथेच लिहिलंय: व्हर्च्युअल यादीत हा पत्ताच नाही. अलियास सर्व्हरच्या ईटीसी फोल्डरमधल्या अलियासेस फाइलमध्ये टाकून न्यूअलियासेस (ती फाइल लागू करणारी आज्ञा) चालवलंत ना? ती फाइल पोस्टफिक्स (आपलं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) फक्त मायडेस्टिनेशनमधल्या, म्हणजे सर्व्हर स्वतःची मानतो त्या यादीतल्या, डोमेनसाठी वापरतं. जुनं डोमेन तिथे आहे म्हणून चालतंय. नवीन डोमेन व्हर्च्युअल अलियास डोमेन्समध्ये, म्हणजे ज्यांचे पत्ते फक्त दुसरीकडे वळवले जातात त्या यादीत, आहे. त्याचा पूर्ण पत्ता व्हर्च्युअल फाइलमध्ये डावीकडे हवा, उजवीकडे मेल जिथे पोचवायची तो पत्ता. मग पोस्टमॅप (त्या फाइलचा तक्ता बनवणारी आज्ञा) चालवा.

ए-१०१: जुना पत्ता बंद करू नका.

ए-६०४: एवढं कशाला? नवीन डोमेनही मायडेस्टिनेशनमध्ये टाका, झालं.

सी-३०३: नको. दोन्हीकडे असलं की लॉगमध्ये इशारा येत राहतो आणि डोमेन लोकलच (सर्व्हरचं स्वतःचं) धरलं जातं. शिवाय सर्व्हरवरचं प्रत्येक खातं नवीन डोमेनवरही मेल घ्यायला लागतं. बॅकअपच्या खात्याला बाहेरून मेल कशाला यायला हवी?

डी-२०१: बॅकअपवरून आठवलं, जनरेटरचं डिझेल कोण भरणार? 😄

खजिनदार: ते बिल मंजूर आहे. विषय बदलू नका.

ए-६०४: मग कॅच-ऑल ठेवा. काहीही@ आलं की खजिनदारांकडे.

खजिनदार: माझ्याकडे का? आधीच सगळं माझ्याच गळ्यात!

सी-३०३: कॅच-ऑल मुळीच नको. स्पॅमवाले मनाला येईल ते नाव टाकून पाठवतात. तो कचरा जीमेलला फॉरवर्ड झाला की बदनाम आपला आयपी (सर्व्हरचा इंटरनेट पत्ता) होतो, आणि मग सभेची नोटीसही लोकांच्या स्पॅममध्ये जाते. सचिव@, खजिनदार@, पोस्टमास्टर@, अब्यूज@ एवढे चार पुरेत.

ए-१०१: परत सांगतो, जुना पत्ता बंद करू नका. बँक आणि उपनिबंधक कार्यालयात तोच दिलेला आहे.

सचिव: काका, वाचलं. कोणी बंद करत नाहीये.

बी-४०२: आणि सचिव@ ची मेल जाते कुठे? तुमच्या खासगी जीमेलवर?

सचिव: मग काय झालं? बिनपगारी काम करतोय, ताई.

सी-३०३: कामाबद्दल प्रश्नच नाही, साहेब. पण फॉरवर्ड केल्यावर पाठवणारा आयपी आपला होतो, त्यामुळे मूळ डोमेनचा एसपीएफ (कोणते सर्व्हर त्याच्या नावाने पाठवू शकतात ती यादी) नापास होतो. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) शाबूत असेल तर मेल तरते, नाहीतर अडकते. सर्व्हरवरच पदाच्या नावाने मेलबॉक्स ठेवा आणि फोनमध्ये आयमॅपने (सर्व्हरवरची मेल फोनवर दाखवणारी पद्धत) जोडा. समिती बदलली की फक्त पासवर्ड बदलायचा, पत्रव्यवहार सोसायटीकडेच राहतो.

खजिनदार: नवीन डोमेनवरून बिलं पाठवायची तर?

सी-३०३: अलियासने फक्त मेल येते. पाठवण्यासाठी नवीन डोमेनचा स्वतःचा एसपीएफ आणि डीकेआयएम लागतो. एसपीएफचा टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेनच्या नोंदीतली मजकुराची ओळ) एकच ठेवा. दोन झाले की परमएरर (कायमची चूक). २०४८ बिटची डीकेआयएमची किल्ली (की) नोंदीच्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांत मावत नाही, अवतरणचिन्हांत तुकडे करून टाका. डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं तो नियम) आधी पी=नन, म्हणजे अडवू नका. एमएक्समध्ये (मेल कोणत्या सर्व्हरकडे यायची ती नोंद) जुन्याच सर्व्हरचं नाव द्या, आयपी किंवा सीनेम (टोपणनाव) नाही. पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) बदलायचा नाही, वेगळं सर्टिफिकेटही लागत नाही.

सचिव: व्हर्च्युअलमध्ये ओळ टाकली, पोस्टमॅप केलं. रीलोड?

सी-३०३: रीलोड मेन.सीएफ (पोस्टफिक्सची मुख्य सेटिंग फाइल) बदललं तरच. पोस्टमॅप -क्यू देऊन पत्ता विचारा, उत्तरात मेलबॉक्स आला की झालं.

सचिव: आला. 🙏 ताई, पुन्हा पाठवा.

बी-४०२: पाठवली. आवक क्रमांकासह पोच द्या.

ए-१०१: जुना पत्ता बंद करू नका. त्या डोमेनची मुदत कधी संपते?

खजिनदार: मार्चमध्ये. आपोआप नूतनीकरण लावलंय, पण कार्ड माजी खजिनदारांचं आहे.

सी-३०३: काकांचा मुद्दा खरा आहे. डोमेन सुटलं तर दुसरा कोणी घेऊन आपला एमएक्स स्वतःकडे वळवेल, बँकेचे पासवर्ड बदलायचे दुवेही त्यालाच मिळतील. कार्ड आजच बदला, आणि रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) खात्याला याच डोमेनचा पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडलं तर मुदतीची सूचनाही पोचणार नाही.