वर्कशॉपमध्ये शॉक लागला, कळवायचं कुणाला? (सातपूर)

प्रश्न: वेल्डिंग मशिनच्या बॉडीला हात लागून कामगाराला शॉक बसला, जीव वाचला. महावितरणला फोन केलाय. पुरे ना?

उत्तर १: नाही हो. वीज कायदा २००३, कलम १६१. सरकारच्या विद्युत निरीक्षकाला (महावितरणच्या माणसाला नव्हे) ४८ तासांत 'नमुना अ'मध्ये लेखी अहवाल द्यावा लागतो. मृत्यू असेल तर २४ तासांत आधी कळवायचं. इजा किरकोळ म्हणून सुटका नाही. कारखाना नोंदणीकृत असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही विचारा.

उत्तर २: मेन बंद करा, पण मशिन, केबल, प्लग हलवू नका. मालक मंडळी आधी 'दुरुस्ती' उरकतात, मग कारण सापडत नाही. बहुधा अर्थिंगची वायर प्लगमध्येच निसटलेली असते. मग बॉडीवर करंट आला तरी फ्यूज उडत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) होता का?

प्रश्नकर्ता: नव्हता. प्लग दोन पिनांचा, अर्थिंगची पिनच नाही.

उत्तर २: मग अहवालात तेच लिहा, फोटोसकट.