गृहकर्जाचा हप्ता कमी करून घेण्यासाठी बँकेकडे नेमकी कोणती मागणी करावी?

नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. जानेवारी २०२१ मध्ये एका बँकेकडून २४ लाखांचे गृहकर्ज काढून आम्ही दोन खोल्यांचे घर घेतले. व्याजदर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दराशी) जोडलेला, ६.९० टक्के, मुदत वीस वर्षे आणि हप्ता १८,४६३ रुपये. माझे पती अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर काम करतात, मी घरी शिकवण्या घेते, आणि त्या वेळच्या ओव्हरटाइमसह हा हप्ता आम्हाला सहज झेपत होता.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला आणि आमचा दर ९.४० झाला. जुनाच हप्ता ठेवला असता तर कर्ज फिटायला आणखी छत्तीस वर्षे लागली असती, असे शाखेतील अधिकाऱ्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवले होते. म्हणून बँकेने मुदत वाढवून २७० हप्ते केली आणि हप्ताही २०,३३३ रुपये केला. तोही आम्ही अडीच वर्षे एकही दिवस न चुकवता भरला.

गेल्या दिवाळीपासून कारखान्यात काम आठवड्याला तीन दिवसांवर आले आहे आणि ओव्हरटाइम पूर्ण बंद आहे. नोव्हेंबर, डिसेंबर आणि आता जानेवारी असे तीन हप्ते थकले. प्रत्येक हप्त्याची तारीख पाच आहे. बँकेचे फोन येतात, ते आम्ही उचलतो आणि खरी परिस्थिती सांगतो, पण समोरून प्रत्येक वेळी एकच प्रश्न येतो, की पैसे कधी भरणार.

मागच्या आठवड्यात मी खात्याचा उतारा काढून मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर सगळा हिशेब मांडला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला आहे आणि आमचा दरही ८.१५ झाला आहे. मात्र हप्ता एका रुपयाने कमी झालेला नाही. बँकेने त्याऐवजी मुदत कमी केली असून आता सुमारे १९० हप्तेच उरलेले दिसतात. बाकी मुद्दल २१ लाख ६५ हजारांच्या आसपास आहे. हीच मुदत २४० महिने ठेवली तर माझ्या हिशेबाने हप्ता १८,३५० च्या जवळपास येतो. आमच्या घरात महिन्याला दोन हजार रुपये म्हणजे किराण्याचा मोठा भाग आहे.

आम्हाला कर्जमाफी नको, व्याजात सूटही नको. परतफेड पूर्ण करायची आहे, फक्त हप्ता आमच्या आजच्या उत्पन्नात बसला पाहिजे. शाखेत विचारले तर «पुनर्गठनाचा अर्ज करा» (म्हणजे अडचणीमुळे कर्जाच्या अटी बदलून घेण्याचा) एवढेच सांगितले गेले. त्या अर्जाने खात्यावर आणि सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) काय परिणाम होतो, आणि तो न करता दुसरा मार्ग आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझी पोत गहाण ठेवून तिन्ही हप्ते एकदम भरावेत का, हाही प्रश्न मनात आहे. शेवटी घर लिलावात जाईल या भीतीने रात्रीची झोप लागत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. सर्वांत आधी तारखा बघा. सर्वांत जुना थकीत हप्ता ९० दिवसांहून जास्त काळ राहिला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) कर्ज, होते. आपला नोव्हेंबरचा हप्ता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या रेषेवर पोहोचतो. त्याआधी निदान तो एक हप्ता भरा, म्हणजे मोजणी पाच डिसेंबरपासून सुरू होईल, आणि पुढे दर महिन्याला सर्वांत जुना हप्ता भरत राहिलात तर खाते रेषेच्या अलीकडे टिकते. एकदा एनपीए झाले की मात्र सगळी थकबाकी भरल्याशिवाय खाते पूर्ववत होत नाही. भरलेली रक्कम दंडाच्या शुल्काकडे न जाता हप्त्यालाच जमा झाली ना, हे उताऱ्यावर तपासा. पोत गहाण ठेवायचीच वेळ आली तर एका हप्त्यापुरती ठेवा. तिन्ही हप्त्यांसाठी सोनेतारणाचे कर्ज घेतले तर त्याचे व्याजही याच तुटपुंज्या उत्पन्नातून जाईल.

आता अर्जाविषयी. कर्जदाराच्या अडचणीमुळे केलेल्या पुनर्गठनात नियमित असलेले खातेही सर्वसाधारण नियमाने एनपीए वर्गात जाते आणि सिबिलवर तशी नोंद राहते. कोविडकाळातील योजनांमध्ये यातून सवलत होती, पण त्यांची मुदत सप्टेंबर २०२१ मध्येच संपली. म्हणून पहिल्याच अर्जात «पुनर्गठन» हा शब्द घालू नका. «व्याजदर कमी झाल्याचा लाभ मुदत घटवून न देता हप्ता घटवून द्यावा» एवढीच मागणी स्पष्ट लिहा आणि आपला हिशेब सोबत जोडा. दर वाढताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे १८ ऑगस्ट २०२३ चे परिपत्रक सांगते. दर उतरतानाही तशीच निवड मागण्यासाठी त्याचा आधार घ्या. थकबाकी असताना शाखा असा बदल करायला कचरते, त्यामुळे उरलेले दोन हप्ते कोणत्या तारखांना भरणार, ते अर्जातच लिहून द्या. पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा असमाधानकारक आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला शुल्क नाही.

लिलाव उद्या होत नसतो, ताई. खाते एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करण्याच्या कायद्याच्या) कलम १३(२) ची नोटीस येते, तिला ६० दिवसांची मुदत असते, आपण घेतलेल्या लेखी हरकतीला बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येते.

प्रतिसाद २

सातपूरला आमच्यावर हीच वेळ आली होती. तेव्हा कुणी दुसऱ्या बँकेत कर्ज वळवण्याचा सल्ला दिला, पण हप्ते थकलेले असताना एकही बँक ते घ्यायला तयार झाली नाही. त्यात वेळ घालवू नका. अर्जासोबत कारखान्याकडून कामाचे दिवस कमी झाल्याचे पत्र आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या जोडा.

धागाकर्तीचे उत्तर

काका आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. नोव्हेंबरच्या हप्त्यापैकी चौदा हजार जमले आहेत, उरलेले भावाने द्यायचे कबूल केले आहे, म्हणजे पोत सध्या घरातच राहील. कारखान्याच्या पत्रासाठी पती उद्या बोलणार आहेत. काका, एकच विचारायचे आहे: कर्ज दोघांच्या नावावर असल्यामुळे अर्जावर दोघांच्याही सह्या लागतील का, की मी एकटीने दिलेला अर्ज शाखा स्वीकारेल? पतींना कामाच्या दिवशी सुट्टी काढणे आता परवडत नाही.

प्रतिसाद १

सह्या दोघांच्याही घ्या, पण त्या घरीच करून आणल्या तरी चालतात. अर्ज नेऊन द्यायला आपण एकट्या गेलात तरी पुरे.