वर्षानुवर्षं चालणारे धागे: विषयाच्या दालनात की सदस्याच्या पानावर?

नभांगण

आपल्या या चर्चास्थळाच्या संचालकांचा प्रस्ताव बहुतेकांनी वाचला असेल, तरी थोडक्यात सांगतो. एकाच सदस्यानं वर्षाहून जास्त काळ चालवलेले धागे (निरीक्षणांच्या नोंदी, रोजनिशी, क्रमशः अनुवाद, आजारपणातली टिपणं) विषयाच्या दालनातून काढून त्या सदस्याच्या वैयक्तिक पानावर न्यायचे, असं ठरतंय. हरकत नोंदवायला आठवडा आहे. माझा विरोध आहे. यात माझाही एक धागा जाणार, हे आधीच सांगून टाकतो.

मी खगोल दालनात रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या, तेजाच्या नोंदी लिहितो. आजूबाजूच्या ज्ञात तेजाच्या ताऱ्यांशी नुसत्या डोळ्यांनी तुलना करायची आणि आकडा टिपायचा, एवढंच काम. महिनोन्‌महिने तेच ते: काक्षी, म्हणजे बेटलज्यूज, साधारण ०.५ प्रत, आकाश स्वच्छ. मग २०१९ च्या अखेरीस तो मंद व्हायला लागला. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. फेब्रुवारी २०२० मध्ये हा आकडा १.६ च्या आसपास गेला. एरवी रोहिणीपेक्षा ठळक दिसणारा तारा त्याच नक्षत्रातल्या बेलाट्रिक्सच्या बरोबरीला आला. ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आल्यामुळे तसं झालं, हे नंतर समजलं. त्या वेळी जो तो विचारत होता, 'हा फुटणार का? याआधी असा झाला होता का?'

ते विचारायला लोक खगोल दालनात आले आणि तिथेच त्यांना आधीच्या काही वर्षांच्या नोंदी सापडल्या. त्या माझ्या पानावर असत्या, तर त्या शोधण्यासाठी लोकांना आधी मी माहीत असायला हवा होतो. त्यांना तारा माहीत होता.

शेवटचा_बाक

+१. धागे आहेत तिथेच राहू द्या.

कोरी_वही

मी प्रस्तावाच्या बाजूनं आहे आणि माझं म्हणणं नव्या सदस्याच्या जागेवरून आहे.

दालनाची यादी शेवटच्या प्रतिसादानुसार लागते. पहिल्या पानावर मावतात वीस धागे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त वर्षानुवर्षं चालणारे. एखाद्यानं 'छान, पु.भा.प्र.' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) एवढं लिहिलं की तो धागा पुन्हा वर. माझा पहिला प्रश्न मी दोन दिवस विचार करून लिहिला होता. संध्याकाळी टाकला आणि सकाळपर्यंत तो दुसऱ्या पानावर गेला. एकही उत्तर आलं नाही. प्रश्न वाईट होता म्हणून नव्हे, कुणाला तो दिसलाच नाही. पुन्हा विचारला तेव्हा उत्तर मिळालं की अमक्यांच्या धाग्यात हे येऊन गेलंय, तिथे वाचा. त्या धाग्यावर चौदाशे प्रतिसाद होते. मी सव्वादोनशेपर्यंत वाचले आणि सोडून दिलं.

नभांगण, तुमच्या नोंदी मोलाच्या आहेत यात शंका नाही. पण तुम्ही सापडलेल्यांबद्दल लिहिलंत. परत गेलेल्यांची नोंद कुणाकडेच नसते.

जुनी_पेटी

हा वाद जुना आहे, त्यामुळे थोडा इतिहास लिहितो.

यूझनेट या वेबच्याही आधीच्या चर्चागटांच्या जाळ्यावर १९८७ च्या सुमारास सगळ्या गटांची फेररचना झाली आणि ते सात मोठ्या शाखांखाली आले: संगणक, विज्ञान, करमणूक, समाज, वादचर्चा, खुद्द यूझनेटच्या बातम्या आणि बाकीचं किरकोळ. ज्यांना ही मांडणी आणि तिच्यातले निर्णय पटले नाहीत, त्यांनी त्याच वर्षी 'ऑल्ट' नावाची स्वतंत्र शाखा काढली. ती पुढे प्रचंड वाढली. जागा वरून ठरवून दिली की लोक दुसरी जागा करतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्याच यूझनेटवर पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराचाही प्रश्न होता. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संकलनं ठरावीक काळानं परत टाकावी लागत, कारण सर्व्हरवर जुना मजकूर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुसला जाई. त्यांच्यासाठी 'न्यूज.आन्सर्स' हा वेगळा गट काढला, पण म्हणून ती संकलनं विषयाच्या गटातून हाकलली नाहीत. एकच लेख दोन्ही गटांत दिसायचा आणि सर्व्हरवर एकदाच साठवला जायचा. लेखाच्या माथ्यावर एक ओळ असे, तिच्यात पुढची उत्तरं कुठे जावीत ते लेखकानं लिहायचं. म्हणजे लेख दोन ठिकाणी वाचायला मिळे आणि चर्चा ठरलेल्या जागीच होई.

कोरी_वही यांची तक्रार मला पूर्ण खरी वाटते. पण ती यादी लावण्याच्या पद्धतीबद्दल आहे. तिच्यासाठी धागे हलवायची गरज नाही.

तळटीप

जुनी_पेटी, पद्धत बदलली तरी मालकीचा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या एका समूहात मी हे जवळून पाहिलंय. बागकामाच्या दालनात एका सदस्याचा अनेक वर्षांचा धागा होता. कुणी वेगळा अनुभव लिहिला की नेहमीचे वाचक त्याला सांगायचे, 'हा त्यांचा धागा आहे, तुम्ही वेगळा काढा.' वेगळा काढला की संपादक म्हणायचे, 'या विषयावर धागा आहे, तिथेच लिहा.' त्या विषयावर बोलायला दुसऱ्या कुणाला जागाच उरली नाही. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, तरी हे झालं.

विकिपीडियानं ही रेघ स्पष्ट आखली आहे. लेखावर कुणाचीही मालकी नाही, वर्षानुवर्षं तो एकट्यानं वाढवला असला तरी. आणि सदस्याला स्वतःची पानं दिली आहेत, तिथे त्याचे कच्चे मसुदे राहतात. मला दोन्ही हवं आहे: दालन सगळ्यांचं आणि पान ज्याचं त्याचं. दालनात बसून घराचे नियम लावायचे, हे मात्र चालू नये.

पाऊलभर

मी इथे फारशी बोलत नाही, पण प्रस्तावात 'आजारपणातली टिपणं' हे शब्द आलेत आणि तसा एक धागा माझा आहे, म्हणून लिहिते.

पक्षाघातानंतर मी पुन्हा बोलायला आणि चालायला शिकत होते, तेव्हा आरोग्य दालनात लिहायला लागले. आज भिंतीचा आधार न घेता दारापर्यंत गेले. आज एक शब्द आठवायला दहा मिनिटं लागली. असंच, जवळजवळ तीन वर्षं. ते वाचून ज्यांच्या घरी नुकतंच असं कुणी आजारी पडलंय ते यायचे. नभांगण म्हणतात तसंच, त्यांना माझं नाव माहीत नव्हतं.

तरीही माझा धागा माझ्या पानावर न्यावा असं मला वाटतं. आरोग्य दालनात आल्यामुळे लोक माझी टिपणं सल्ला म्हणून वाचायला लागले. मी कुठलं औषध किती घेते, व्यायाम कितव्या आठवड्यात सुरू केला, त्यांच्या वडिलांनाही तसंच केलं तर चालेल का. मी प्रत्येकाला लिहायची, 'तुमच्या डॉक्टरांना विचारा.' एकानं उत्तर दिलं, 'तुम्हाला गुण आला ना, मग?' त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर मी लिहिताना हात आखडता घ्यायला लागले, औषधांची नावं गाळली, मग वाईट दिवसही गाळले. वाईट दिवस गाळल्यावर त्या धाग्यात खरं फार थोडं उरलं.

माझ्या पानावर हेच शब्द माझी हकिकत म्हणून वाचले जातील, असं मला वाटतं.

नभांगण

पाऊलभर, ही बाजू माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी सगळ्या धाग्यांना माझ्या धाग्याच्या मापानं मोजत होतो.

मग विरोध थोडा बदलून मांडतो. धाग्याचं वय बघून हलवू नका, लेखकाला विचारा. एका माणसाच्या आयुष्यावर उभ्या असलेल्या आणि एखाद्या वस्तूवर उभ्या असलेल्या धाग्यांना एकच नियम लावायचा प्रयत्न चाललाय. निरीक्षकांच्या जगात हे फार आधी सुटलंय. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांकडून नोंदी घेते. प्रत्येक नोंद ताऱ्याच्या नावाखाली जमा होते आणि तिच्यावर निरीक्षकाचा संकेत असतो. ताऱ्याचा आलेख काढला तर त्यात सगळ्यांचे ठिपके येतात, कुणाचे कुठले तेही दिसतं. कुणाही एकाची त्या ताऱ्यावर मालकी नाही. तळटीप यांच्या मालकीच्या प्रश्नाला मला तरी हे उत्तर वाटतं: दालनातल्या दीर्घ धाग्यात दुसऱ्यांनीही नोंदी टाकाव्यात, आणि धागाकर्त्यानं त्या ठेवाव्यात. माझ्या धाग्यापासून सुरुवात करायला मी तयार आहे.

शेवटचा_बाक

एक भीती आहे. जिओसिटीज या फुकट वैयक्तिक पानं देणाऱ्या संकेतस्थळावर सुरुवातीला पानं विषयवार वस्त्यांत असत, प्रत्येकाला घर क्रमांक असे. शेजारी कोण ते कळायचं. १९९९ मध्ये याहूनं ते विकत घेतलं आणि पुढे पत्ते सदस्यनावावर गेले. शेजार संपला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये सगळंच बंद. वैयक्तिक पानांकडे कुणी फिरकत नाही, म्हणून ती आधी मरतात.

तळटीप

वस्त्या असत्या तरी २००९ मध्ये ते बंदच झालं असतं. त्यातलं जे वाचलं, ते स्वयंसेवकांनी शेवटच्या काही महिन्यांत प्रती उतरवून घेतल्या म्हणून. प्रत ठेवणं हा वेगळा मुद्दा आहे, आणि त्याबद्दल प्रस्तावात अक्षरही नाही. ती हरकत मात्र मी नोंदवणार आहे.

कोरी_वही

मी दोन ठोस सूचना करते. एक, दीर्घ धागा धागाकर्त्यानं नवा भाग टाकल्यावरच वर यावा, प्रत्येक प्रतिसादाला नाही. दोन, दर वर्षी एक जानेवारीला जुना धागा वाचनमात्र करून नवा काढावा, वर आधीच्याचा दुवा द्यावा. चौदाशे प्रतिसादांचा डोंगर मग कुणापुढे येणार नाही.

नभांगण

पहिली सूचना आजपासून लागू करा. दुसरीला अडचण आहे. काक्षीची ती घसरण २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. एक जानेवारीला धागा तुटला असता तर नेमका तोच भाग दोन तुकड्यांत गेला असता.

जुनी_पेटी

मग जानेवारीच कशाला? मे ते जुलै हा तारा सूर्याच्या जवळ असतो, तुम्हालाही तो दिसत नाही. तुमच्या नोंदींत तेव्हा आपोआप खंड पडतो. तिथे तोडा.

नभांगण

हे बरोबर आहे. एप्रिलअखेर धागा बंद, ऑगस्टमध्ये पहाटे तारा पुन्हा दिसायला लागला की नवा. कोरी_वही, हे चालेल? आणि तुमचा तो अनुत्तरित प्रश्न कुठल्या दालनात होता? दुवा द्या, आज वाचतो.

कोरी_वही

चालेल. पण प्रत्येक धाग्याला असा खंड मिळेलच असं नाही. लेखकाला विचारायचं ठरलं तर किती दिवसांत विचारायचं, आणि त्यानं उत्तरच दिलं नाही तर काय, हेही प्रस्तावात यायला हवं. निम्मे धागाकर्ते हल्ली इकडे फिरकतच नाहीत. प्रश्नाचा दुवा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवते.

पाऊलभर

माझ्या टिपणांत खंड नाही, आणि मला तो पाडायचाही नाही. मला विचारलंत तर माझं उत्तर हे: धागा माझ्या पानावर न्या, पण आरोग्य दालनात जुन्या जागी दुवा राहू द्या. नवीन आजारी माणसाच्या घरचे पहिल्यांदा तिथेच येतात. दुव्यासोबत एवढंच लिहा की ही एका बाईची रोजनिशी आहे, औषध तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. गाळलेले वाईट दिवस माझ्या वहीत आहेत. धागा हलला की ते एक एक करून परत घालीन.