मदत हवी आहे : तंत्रज्ञानात सहकाऱ्यांना सोबत कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. वर्गात बहुतेक मुलं पावरा आदिवासी, घरी पावरी बोलणारी. त्यांच्या आजींकडून पावरी गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करून टॅबमध्ये टाकल्या, रेंज नसली तरी चालतात. पोरं मराठी वाचायला लागली!

आमच्या केंद्राचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे, केंद्रप्रमुख साहेब. त्यांनी हे पाहिलं आणि आता शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, दर वेळी 'मॅडम, तुम्हीच सांगा'. इथे माझी गाडी अडते. मुलांना शिकवणं सोपं. माझ्यापेक्षा वीस वर्षं ज्येष्ठ गुरुजींना 'टॅब कपाटातून काढा' कसं म्हणायचं? ते हो म्हणतात, चहा पितात, कपाट बंदच.

'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर 'निष्ठा' या शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले शिक्षक प्रशिक्षणाचे वर्षाचे ५० तासही भरतील, पण प्रमाणपत्रांनी माणसं हलत नाहीत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करावी, की 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचावर काही शोधावं? नोकरी सांभाळून कोणी केलंय का?

आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी केंद्रातल्या शिक्षकांचा गट खरोखर चालवत असेल, तर पहिल्या बैठकीत नेमकं काय केलंत तेवढं सांगा. पुढची परिषद जवळ आलीय.