भाडं थकलं, हप्ता थांबला, तरी घर कसं टिकवायचं? जाणकारांनी लिहावं

कोरोनाच्या लाटेत भाडेकरू आणि कर्जदार दोघांसाठीही आदेश निघाले, सवलती आल्या. तरी पुष्कळांची घरं गेली ती लाट ओसरल्यावर, कारण मधल्या काळातला कागदच हाताशी नव्हता. ज्यांनी ही कामं जवळून हाताळली आहेत त्यांनी लिहावं. आपबीती नको, कुठला कागद, किती दिवस आणि लोक नेमके कुठे चुकतात, एवढं सांगा.

भाडेकरूंची प्रकरणं चालवणारे वकील

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. २९ मार्च २०२० च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशात मजुरांकडून एक महिना भाडं मागू नये, आणि मजूर किंवा विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावल्यास कारवाई होईल, असं होतं. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली : वसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. पुढे ढकला, माफ करा नव्हे! लोकांनी ते ‘माफ’ असं ऐकलं आणि चौथ्या महिन्यात एकदम चार भाडी अंगावर आली.

म्हणून भाडं थकण्याआधीच मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, पण ईमेलही करा. मजकूर साधा ठेवा : “एप्रिल ते जून, तीन महिन्यांचं भाडं दरमहा १२,००० प्रमाणे ३६,००० रुपये बाकी आहे. जुलैपासून चालू भाड्याबरोबर दरमहा ४,००० जादा देऊन नऊ महिन्यांत ही बाकी फेडेन. मान्य असल्यास तसं कळवावं.” मालकाचं नुसतं “ठीक आहे” आलं तरी तो पुरावा होतो. बाकी डिपॉझिटमधून वळती करायची असेल तर किती वळती केली, किती उरली आणि ती परत कधी भरणार, हे तिथेच लिहा. घर सोडताना भांडण होतं ते नेमकं यावरून.

मालक भाडं घेतच नसेल तर बँकेतून थेट त्याच्या खात्यात पाठवा. खाते क्रमांक नसेल तर मनीऑर्डर करा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ती परत आली तर ती पावती जिवापाड जपा.

तेच वकील पुढे, भाडे नियंत्रण कायद्याबद्दल

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १५ पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) आणि जुन्या भाडेकरूंसाठी मोठा आधार आहे. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली आणि पुढे नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. गडबड होते ती पुढच्या महिन्यांत. एकरकमी भरून लोक निर्धास्त होतात आणि चालू भाडं भरायचं राहून जातं.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला मात्र हे कवच नाही. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ खाली दुप्पट शुल्काचा दावा येऊ शकतो. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधीच नवा करार नोंदवून घ्या. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तो नोंदवलेला नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

गृहकर्ज विभागात काम केलेल्या

हप्ता स्थगिती, म्हणजे काही महिने हप्ता पुढे ढकलायची बँकेची सवलत, घेण्याआधी एक हिशेब करा. समजा ३० लाखांचं कर्ज नुकतंच सुरू झालंय, ८ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण २५,०९३. कोरोनातली सवलत मार्च ते ऑगस्ट २०२० अशी होती. तसे सहा महिने हप्ते थांबवले तर व्याज चढतच राहतं, १ लाख २२ हजारांच्या घरात, आणि ते मुद्दलात मिसळतं. हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी सुमारे २६६ हप्ते होतात. नंतर सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला. या उदाहरणात तो जेमतेम दोन हजार भरतो. म्हणून पगार चालू असेल तर स्थगिती घेऊ नका. पगारच थांबला असेल तर बिनदिक्कत घ्या. अर्ज हप्त्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी द्या आणि मंजुरी लेखी घ्या, नाहीतर बँक खात्यातून हप्ता ओढायला जाते आणि पैसे नसल्याने तो परत गेला की दंड बसतो.

स्थगिती संपूनही जमत नसेल तर गप्प बसू नका. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरतं. मग सरफेसी कायद्याच्या (तारण घर ताब्यात घेऊन कर्ज वसूल करण्याचा बँकांचा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावंच लागतं. बँकेने ताब्याची कारवाई केली तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याची संधी लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच. नोटीस न घेता परत पाठवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण दिवस तरीही मोजले जातात.

सोसायटीचं सचिवपद सांभाळलेले

परिचारिका, डॉक्टर, वॉर्डबॉय यांना “घर सोडा” म्हणणाऱ्या मालकांनी हे ध्यानात घ्यावं. एप्रिल २०२० च्या साथरोग अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्याच्या राहण्यात अडथळा आणणारा छळही हिंसाचारात धरला. शिक्षा तीन महिने ते पाच वर्षं, दंड ५०,००० ते दोन लाख. सोसायटीने तसा ठराव केला असेल तर त्याची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा.

पुन्हा वकील, राहून गेलेलं

भाडेकरूच साथीत गेला तर? जुन्या भाडेकरारात मृत्यूसमयी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क येतो. पण सोबत राहत होतो हे दाखवावं लागतं : रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसचं पुस्तक. महिनाभरात मालकाला पत्र पाठवा आणि पुढचं भाडं स्वतःच्या खात्यातून भरा. कर्जदार गेला असेल तर आधी मंजुरीपत्र काढून बघा. कर्जासोबत अनेकदा विमा उतरवलेला असतो आणि त्याचा हप्ता कर्जातच मिसळलेला असतो, त्यामुळे घरच्यांना तो माहीतच नसतो. दावा न करताच लोक हप्ते भरत राहतात.