मदत हवी आहे : तुरुंगातील मृत्यूच्या चौकशीचा अहवाल कसा मिळवायचा?

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. माझा मावसभाऊ कच्चा कैदी असताना तुरुंगात वारला. हृदयविकार असं सांगतात, पण अंगावर वळ होते, दोन्ही मनगटं सुजलेली, फोटो आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्यांची चौकशी सुरू झाली, मावशीचा जबाबही घेतला. पुढे काहीच कळत नाही. शवचिकित्सेचा अहवाल मागितला की तुरुंगवाले पोलिसांकडे पाठवतात, पोलीस कोर्टाकडे. माहिती अधिकारातला अर्ज 'चौकशी चालू' म्हणून फेटाळला. पहिलं अपील केलंय. खाजगी वकील परवडत नाही, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिलाय. राज्य मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून घाई.

दंडाधिकाऱ्यांकडे थेट अर्ज केल्यास मावशीला, म्हणजे त्याच्या आईला, चौकशी आणि शवचिकित्सा या दोन्ही अहवालांच्या प्रमाणित प्रती मिळतात का, की पर्वरीला हायकोर्टात रिट याचिकाच करावी लागेल?