मदत हवी आहे : वजन न केलेल्या दिवशी आलेखातील रेषा शून्यावर कोसळते

एक्सेलमधील एका संयुक्त आलेखावर गेले तीन दिवस अडलो आहे. मुख्य शीटवर १ जानेवारीपासूनच्या सगळ्या तारखा ओळीने आहेत, शेजारच्या कॉलममध्ये रोज चाललेली पावले आणि त्यापुढच्या कॉलममध्ये वजन. पावलांचा आकडा फोनमुळे रोज मिळतो. वजन मात्र आठवड्यातून चार-पाच वेळाच होते आणि ते मी 'नोंदी' नावाच्या वेगळ्या शीटवर, ज्या दिवशी केले तेवढीच तारीख घालून लिहितो. तिथून ते व्हीलुकअपने (तारीख शोधून तिच्यासमोरचे मूल्य आणणाऱ्या सूत्राने) मुख्य शीटवर येते.

पावले हजारांत आणि वजन ७२ किलोच्या आसपास असल्यामुळे वजनाची रेषा सुरुवातीला तळाला चिकटून सपाट दिसत होती. 'फॉरमॅट डेटा सिरीज'मध्ये जाऊन तिला 'सेकंडरी ॲक्सिस', म्हणजे उजवीकडचा वेगळा अक्ष, दिल्यावर तो प्रश्न सुटला. मात्र ज्या दिवशी वजन केलेले नाही, त्या दिवशी रेषा थेट शून्यावर येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ७२ वर उडी मारते. उजवीकडच्या अक्षाचे किमान मूल्य ६८ करून पाहिले, तर ती आलेखाच्या तळातून बाहेर पडल्यासारखी दिसू लागली. 'सिलेक्ट डेटा'मधील 'हिडन अँड एम्प्टी सेल्स' या चौकटीत 'गॅप्स' आणि 'कनेक्ट डेटा पॉइंट्स विथ लाइन' हे दोन्ही पर्याय वापरून झाले, पण काहीही फरक पडत नाही. ते सेल तर डोळ्यांना पूर्ण रिकामे दिसतात. मग एक्सेल त्यांना रिकामे का मानत नाही?

उत्तर :
तुमच्या व्हीलुकअपभोवती इफएरर (चूक आल्यास तिच्याऐवजी आपण दिलेले मूल्य दाखवणारे सूत्र) आहे का आणि त्यात शेवटी दोन अवतरणचिन्हे आहेत का, ते आधी पाहा. तसे असल्यास तो सेल रिकामा नाही. त्यात लांबी शून्य असलेला मजकूर आहे, आणि रेषालेख मजकुराला शून्य धरतो. तुम्ही वापरलेली चौकट खरोखर रिकाम्या सेलसाठी आहे, म्हणून ती इथे निष्प्रभ ठरली. इफएरर काढून टाका. तारीख सापडली नाही की व्हीलुकअप स्वतःहूनच #एन/ए, म्हणजे 'मूल्य उपलब्ध नाही' ही चूक, देतो, आणि आलेखाला नेमके तेच हवे असते, कारण #एन/ए असलेला बिंदू शून्यावर काढला जात नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये त्याच चौकटीत #एन/ए रिकामा सेल म्हणून दाखवण्याचा पर्यायही आहे. तो चालू ठेवला की 'गॅप्स' निवडल्यावर रेषा तुटते.

विचारणारे :
इफएरर होताच; तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून मीच हौसेने घातला होता. काढल्यावर रेषा सुधारली, पण आता तक्ताभर #एन/ए पसरले आहे आणि तळाशी असलेली महिन्याची सरासरीही #एन/ए दाखवते.

उत्तर :
सरासरीसाठी ॲव्हरेजऐवजी ॲग्रिगेट वापरा. पहिला घटक १ म्हणजे सरासरी, दुसरा ६ म्हणजे चुकीची मूल्ये वगळणे, आणि त्यानंतर रेंज. दिसण्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अटीनुसार सेलचे रूप बदलणारी सोय) आयएसएनएचा, म्हणजे सेलमध्ये #एन/ए आहे का हे तपासणाऱ्या सूत्राचा, नियम लावून अक्षरांचा रंग पार्श्वभूमीसारखा करा. तो कॉलम लपवण्याच्या मोहात मात्र पडू नका, कारण लपवलेल्या कॉलममधील माहिती आलेख मुळातच गाळतो आणि 'शो डेटा इन हिडन रोज अँड कॉलम्स' चालू केल्याशिवाय ती परत येत नाही.

एक सूचना न विचारता करतो. एक-दोन दिवसांच्या खंडावरून रेषा जोडणे ठीक आहे. पण खंड मोठा असेल तर 'गॅप्स'च ठेवा, नाहीतर ज्या दिवसांचे वजन तुम्हाला माहीतच नाही, तेही मोजल्यासारखे दिसते.

विचारणारे :
सरासरी आणि रंग दोन्ही जमले. मध्ये एकदा ११ दिवसांचा खंड आहे, म्हणून 'गॅप्स' ठेवले. त्यात एक गंमत झाली : त्या खंडाच्या मधोमध एकाच दिवशी वजन केले होते, ७१.८ किलो, आणि तो बिंदू आलेखातून गायबच झाला, कारण जोडायला शेजारी बिंदू नसल्यामुळे रेषाच उमटली नाही. 'मार्कर' (प्रत्येक बिंदूवरची खूण) चालू केल्यावर तो दिसू लागला.